दोन्ही टोकं एकाच डब्यात

वायर हातात धरून उभा राहिलेला माणूस मी आयुष्यात दोनदा बघितला. पहिल्याला मीच उभा केला होता. दुसऱ्याला कुणीच सांगितलं नव्हतं.

पहिला म्हणजे डहाणूतल्या एका पतपेढीचा मॅनेजर. नाव सांगत नाही, माणूस अजून संध्याकाळी पारनाक्याला चालायला येतो. नोटाबंदीच्या थोडं आधीची गोष्ट. मी तिथं नेटवर्कच्या वायरी ओढायचं काम घेतलं होतं आणि हा बाबा चहाच्या प्रत्येक घोटाला विचारायचा, नेट स्लो का, नेट स्लो का. शेवटी मी तोंड एकदम सरळ ठेवून म्हटलं, साहेब, वायरीला बाक आलाय, वळणावर डेटा अडकतो. तुम्ही ही अशी ताणून सरळ धरा, मी वरनं बघतो. धरली त्याने. मी खाली जाऊन भजी खाल्ली, पेपर वाचला, पान लावलं. वर आलो तर धरलेलीच. हात दुखला की हात बदलत होता बिचारा.

त्या दिवशी सगळ्यात जास्त कोण हसलं असेल तर हाल्या. हाल्या माझ्याकडे रोजंदारीवर यायचा, तलासरीच्या आतल्या एका पाड्यावरचा. चर खणायचा, पायपातून वायर ओढायचा, आणि वायर गुंडाळावी तर त्यानेच. कोपर आणि अंगठा यांच्यामध्ये अशी फिरवायचा की एक आटा दुसऱ्यावर चढणार नाही. मॅनेजर वायर धरून उभा आणि हा दाराआड तोंडात टॉवेल कोंबून बसलेला, डोळ्यांतून पाणी. नंतर कुठेही भेटला, बाजारात, एसटी स्टँडवर, की एक हात वर करून वायर धरल्यासारखा उभा राहायचा आणि म्हणायचा, "शेठ, डेटा आला का?"

दुसरा माणूस म्हणजे हाच हाल्या.

नोटाबंदीला दोन वर्षं झाली, त्या वर्षी जमीन हलत होती. दिवाळी झाली तेव्हा सुरू झालं आणि फेब्रुवारी आला तरी थांबेना. तलासरी, धुंदलवाडी, तो सगळा पट्टा. बारीक धक्के तर लोक मोजायचेही बंद झाले होते. ताटात आमटी हिंदकळली की नुसतं म्हणायचे, "आला." कोण आला, हे कुणी विचारायचं नाही. मी आमच्या डहाणू रोडच्या दुकानात गिऱ्हाइकाची खुर्ची खालून पायाने हलवायचो, गिऱ्हाईक रस्त्यावर पळायचं, मी हसायचो. आमच्याकडे ते जमायचं, आमच्या भिंती उभ्या होत्या. तिकडे पाड्यांवर घरात कुणी झोपत नव्हतं. शेतात ताडपत्र्या बांधून, थंडीत, पोराबाळांसकट उघड्यावर.

दुपारी उशिरा जेवून उठलो तोच फोन वाजला. वसुमतीबाईंचा. तलासरीच्या बाजूला एका ट्रस्टचं छोटं हॉस्पिटल आहे, तिथं त्या नोंदणीच्या खिडकीवर बसतात. तिथलं नेटवर्क मी बघतो. आमचं फोनवरचं बोलणं ठरलेलं, मी काहीतरी सोंग काढायचं आणि त्यांनी मला शिव्या द्यायच्या. त्या दिवशी मी म्हटलं, "नमस्कार, भूकंप खातं, कितीचा पाहिजे?"

त्यांनी शिवी दिली नाही. म्हणाल्या, "वासू, थट्टा नको. ये लवकर."

मग सगळं सांगितलं. सकाळी मोठा धक्का आला, लाइट गेली, जनरेटर लागला, लाइट परत आली. कॉम्प्युटर चालू झाले पण एकही कामाचा नाही. काही उघडत नाही, काही छापत नाही. मुलांच्या वॉर्डातली एक पोरगी दुपारी गेली, न्यूमोनिया होता. डॉक्टर सही करायला तयार बसलेत आणि मृत्यूच्या दाखल्याचा कागदच निघत नाही. हाताने लिहून द्यायचं त्यांच्याकडे बंद झालंय. एकदा हाताने लिहिलेल्या कागदावर गाडी गेली होती, ती हद्दीवरच्या नाक्यावर दिवसभर अडकवून ठेवली. तेव्हापासून ट्रस्टच्या कमिटीने ठरवलं, कॉम्प्युटरचा नंबर पडल्याशिवाय कुणाला न्यायचं नाही. त्यामुळे अॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर तुषार चावी खिशात घालून बसलाय.

मी विचारलं, उद्या सकाळी नेलं तर?

"तेच मी बापाला म्हटलं," त्या म्हणाल्या. "त्याची बायको, काळी नाव तिचं, पहाटेच पाड्यावर परत गेली होती, घरी तान्हं पोर आहे तिचं. तिला निरोप गेला, पाड्यावर खड्डा खणून झालाय. बाप म्हणतो, दिवस मावळला की मातीला द्यायचं नाही. मग रात्रभर पोरीला ठेवू कुठं? घरात कोण बसणार तिच्यापाशी, घर कधी डोक्यावर येईल सांगता येत नाही. आणि उघड्यावर ठेवणार नाही म्हणतो. आमच्याकडे ठेवायला थंड खोली नाही, तुला माहीतच आहे."

"कोण आहे बाप?"

"हाल्या. तुला ओळखतो म्हणे."

मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, ते तसंच राहिलं. बॅगेत लॅपटॉप, निळी वायर, पेन ड्राइव्ह. आशागडवरून चारोटी, तिथनं हायवे. विवळवेढ्याला महालक्ष्मीला गाडीवरूनच नमस्कार केला. एरवी थांबतो, प्रसादाच्या नारळवाल्याशी जरा थट्टा करतो. हाल्याला पोरगी आहे हे मला ठाऊक होतं. तो तिला धाकलीच म्हणायचा. कामावर असताना तिच्यासाठी वायरींच्या रंगीत सालांच्या बांगड्या वळायचा. नारिंगी, निळी, हिरवी, तपकिरी. मी चिडवायचो, सगळा माल तूच घरी ने.

हॉस्पिटलच्या आवारात लग्नाचा मांडव घालतात तसा मांडव घातला होता आणि खाली खाटा. सलाइनच्या बाटल्या बांबूला टांगलेल्या. वसुमतीबाईंनी मला बघितलं आणि नुसती मान हलवून रॅकच्या खोलीकडे दाखवलं. खोलीच्या दारात अनिकेत उभा होता. हा तिथला नवा व्यवस्थापक, बोईसरचा, चांगला मुलगा, पण त्याला सगळ्याची कारणं लागतात. त्याने विचारलं, काका, हे कुणी केलं ते कळेल ना? मी म्हटलं, आधी काय झालं ते कळू दे.

रॅकमध्ये जो मोठा स्विच असतो, म्हणजे दिव्याचं बटण नव्हे, सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी ज्यात येतात तो डबा, त्याला प्रत्येक वायरीपाशी एक हिरवी लाइट असते. एरवी त्या लाइटी बाजारात बायका बोलतात तशा लुकलुकतात. एक आत्ता, एक मग, प्रत्येकीचं आपलं. त्या दिवशी सगळ्या एकदम, एकाच ठेक्यात, थयथयाट. ते बघितलं की माझ्या धंद्यातला कुणीही सांगेल. लूप.

लूप म्हणजे काय, तर कुठेतरी एखादी वायर जिथनं निघाली तिथंच परत येऊन लागलेली असते. एक कॉम्प्युटर हाक मारतो, अमका कुठाय? ती हाक फिरून परत येते. डब्याला वाटतं नवीन कुणी विचारतंय, तो ती पुन्हा सगळीकडे पाठवतो. ती पुन्हा येते. घटकाभरात सगळ्या वायरी त्या एकाच हाकेने भरून जातात आणि दुसऱ्या कुणाचं काही कुणाला ऐकू येत नाही. हाक मारणारा तर कधीच गप्प झालेला असतो.

खरं तर त्या डब्याला हे ओळखायचं शिकवलेलं होतं. ज्यांनी बसवला त्यांच्या पोरांनी सेटिंग केलं होतं, पण सेव्ह करायला विसरले. इतके दिवस चाललं, कारण डबा कधी बंदच पडला नव्हता. सकाळी लाइट गेली आणि डबा सगळं विसरून कोरा होऊन उठला. मी निळी वायर लावली, पेन ड्राइव्हमधलं जुनं सेटिंग त्याच्या गळ्याखाली उतरवलं, ह्या वेळी सेव्ह केलं, दोनदा बघितलं, आणि डबा बंद करून चालू केला.

उठायला त्याला वेळ लागतो. अशा वेळी मी एरवी शेजारच्याला काहीतरी खोटंनाटं सांगतो. त्या दिवशी अनिकेत आणि मी दोघं त्या डब्याकडे बघत बसलो. बाहेर तुषार अॅम्ब्युलन्सची काच पुसत होता, पुसलेलीच परत पुसत होता. सावल्या मांडवाच्या बाहेर पडायला लागल्या होत्या.

डबा उठला. आता शिकवल्याप्रमाणे तो काय करतो, तर प्रत्येक वायरीत आपल्या नावाची एक हाक सोडतो. ती हाक फिरून आपल्याच कानावर आली, तर समजतो, ह्या वायरीच्या पुढे गोल आहे, आणि ते दार बंद करतो. बाकी सगळ्या लाइटी शांत झाल्या. एकच नारिंगी झाली. मी तिच्या वायरीवर चिकटवलेली चिठ्ठी वाचली. मुलांचा वॉर्ड.

वसुमतीबाई आल्या, त्यांच्या खिडकीचा कॉम्प्युटर सुरू झाला होता. मुख्य कॉम्प्युटर सकाळी धाडकन बंद पडला होता, तो आता स्वतःच्या दुरुस्तीला बसला होता, पडद्यावर टक्के सरकत होते. मी विचारलं, कागद निघेल ना आता? त्या म्हणाल्या, "वॉर्डाच्या कॉम्प्युटरवरून सिस्टरने आधी पोरीचं नाव बंद करायला लागतं. मग माझ्याकडे येतं."

वॉर्डाचं दार तर आत्ताच डब्याने बंद केलं होतं. वॉर्डात जाऊन ती वायर काढल्याशिवाय ते उघडणार नव्हतं.

सुषमा सिस्टर मला वॉर्डाच्या दारातच भेटली. वरोरची बाई, एरवी तिचा आवाज मासळीबाजारातल्यासारखा, तीन खोल्यांपलीकडे ऐकू जातो. त्या दिवशी कुजबुजत होती. सकाळच्या धक्क्याला सगळी पोरं बाहेर मांडवात काढली. टेबलासकट कॉम्प्युटर व्हरांड्यात ओढला. ह्या एका पोरीला हलवता येत नव्हतं, तिला ऑक्सिजन होता. ती, तिचा बाप आणि सिस्टर, तिघंच आत. डॉक्टर येऊन जाऊन होते. दुपारी ती गेली.

"सकाळपासून उभा आहे तिथं," सिस्टर म्हणाली. "एक हात पोरीवर, एक हात त्या भिंतीवरच्या डब्यावर. तिला लवकर न्यायची म्हणतो आणि डब्याला कुणाला हात लावू देत नाही. डॉक्टरसाहेबांनी पण सांगून बघितलं. काय आहे त्या डब्यात?"

मी आत बघितलं. खाटेच्या डोक्याशी नाडी दाखवणारा मॉनिटर होता, बंद केलेला. त्याच्या बरोब्बर वर, भिंतीला, मीच एकदा ठोकलेला छोटा स्विच. बिनडोक डबा, रॅकमधल्या मोठ्यासारखा तो काही ओळखत नाही, मिळेल ते इकडचं तिकडे करतो. त्याच्या सगळ्या हिरव्या लाइटी अजून थयथयत होत्या. मोठ्या डब्याने दार लावून घेतलं तरी हा आपला स्वतःशीच फिरत होता.

सिस्टरही माझ्याबरोबर बघत होती. हळूच म्हणाली, "पहिल्या रात्री मीच त्याला सांगितलं होतं. ती हिरवी लाइट बघत बस, ती चालू आहे तोवर घाबरायचं नाही. मी मॉनिटरची सांगितली होती, वासूभाऊ." आणि मग तिने पदर तोंडाशी नेल्यासारखा हात तोंडाशी नेला.

मी आत गेलो. धाकलीवर गळ्यापर्यंत चादर होती. चादरीबाहेर मनगट, त्याच्यात नारिंगी बांगडी. हाल्याने मान वळवली. त्याने हात वर केला नाही, तो आधीच वर होता.

"शेठ," तो म्हणाला, "तू वायरीचा माणूस. तू सांग. लायटी चालू हायेत ना?"

"आहेत."

"मंग ती कशी गेली?"

उत्तराची वाट न बघता तोच सांगायला लागला, कामावरचं सांगावं तसं. धक्का आला, माणसं पळाली, टेबल ओढलं तेव्हा एक वायर निसटली आणि लोंबायला लागली. हिरवी लाइट गेली. त्याने टोक हातात घेतलं. दुसरा कुणी असता तर घाबरला असता, त्याने माझ्याबरोबर अशी शेकडो टोकं हाताळली होती. पिन कुठल्या बाजूला, क्लिप कुठल्या बाजूला, सगळं ठाऊक. डब्याला एक भोक रिकामं दिसलं, त्यात सारलं. टक् झालं. टक् झालं की लागलं, हे त्याला मीच शिकवलं होतं. आणि एक गेली होती तिथं सगळ्याच लाइटी आल्या, नुसत्या पळायला लागल्या. त्याला वाटलं, पोरीला जोर आला. पुढच्या धक्क्याला पुन्हा निसटू नये म्हणून धरून उभा राहिला. तेव्हापासून धरलेलीच. हात दुखला की हात बदलत होता.

सांगून झालं आणि त्याने माझ्याकडे बघितलं. "चुकीच्या भोकात लागली का, शेठ? मी लावली म्हणून गेली का?"

मी खरं सांगितलं. म्हटलं, हाल्या, हा डबा कॉम्प्युटरचा. पोरीची हवा त्या नळीतून येत होती, सिलिंडरची. मॉनिटरची वायर वेगळी, ती ह्या बाजूने गेलीय. तू लावलेल्या वायरीचा आणि तिचा काही संबंध नाही. तिची छाती भरली होती. तू लावली असतीस, नसतीस, काही फरक पडला नसता.

तो ऐकत होता आणि माझं तोंड निरखत होता. मग म्हणाला, "तू त्या पतपेढीच्या साहेबालाबी असाच बोललास. असंच तोंड करून."

खोटं सांगताना तोंड सरळ कसं ठेवायचं ते मला येतं. त्याच्यावरच माझा डहाणूत नावलौकिक आहे. खरं सांगताना वेगळं तोंड करता यायला पाहिजे, ते माझ्याकडे नव्हतंच. मी शपथ घेतली असती तरी ती मी आधी इतक्यांदा घेतलेली. खिडकीच्या गजांची सावली समोरच्या भिंतीवर वर वर चढत होती, आणि व्हरांड्यात सुषमा सिस्टर कॉम्प्युटरपुढे बसून वाट बघत होती, आणि हा हात सोडत नव्हता.

मी म्हटलं, "माझं नको ऐकू. तुझ्या हाताचं ऐक. वायर धर आणि बोटं चालव."

पायपात पाच-सहा वायरी एकत्र असल्या की आम्ही असंच करतो. कुठली कुठे जाते ते डोळ्यांनी कळत नाही, बोटांत धरून शेवटापर्यंत सरकत जायचं. हाल्याचा ह्याच्यात हात धरणारा कुणी नव्हता. त्याने सकाळी सारलेलं टोक धरलं आणि बोटं चालवली. डब्यातून खाली, मॉनिटरच्या मागून, खाटेच्या लोखंडाला न शिवता, भिंतीच्या कडेने, तिथं टेबल होतं तेव्हाचा ढिला पडलेला वेटोळा, वेटोळ्यातून परत भिंत, परत वर. बोटं डब्याला लागली.

तो थांबला. पुन्हा त्या टोकाकडून निघाला. ह्या वेळी डोळे मिटून. पुन्हा बोटं डब्याला लागली.

"इथनं निघते," तो म्हणाला.

"हो."

"इथंच येते."

"हो."

"तिच्याकडं नाय जात."

"नाही रे."

"कुठंच नाय जात."

तो ती वायर बोटांत धरून राहिला. पोरगी आपल्यामुळे गेली नाही, हे त्याच्या बोटांना कळलं होतं. सकाळपासून आपण तिच्यासाठी काही धरून ठेवलं नव्हतं, तेही कळलं होतं. मी जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवायला पाहिजे होता. माझे हात बॅगेच्या पट्ट्यावरच राहिले.

मग त्याने अंगठ्याच्या नखाने क्लिप दाबली, जशी दाबायची तशी, आणि टोक बाहेर काढलं. दुसरंही काढलं. लाइटी शांत झाल्या. एकच राहिली, सावकाश लुकलुकणारी. त्याने वायर कोपर आणि अंगठ्यामध्ये गुंडाळली, एक आटा दुसऱ्यावर न चढवता, आणि भिंतीच्या खिळ्याला लावून ठेवली. मग खाटेवर बसला आणि धाकलीची चादर नीट करायला लागला. नीट असलेलीच. तेव्हा त्याचे खांदे हलायला लागले. आवाज काही नव्हता. मी बाहेर येऊन व्हरांड्यातल्या कॉम्प्युटरला दुसरी वायर लावली.

रॅकमध्ये जाऊन वॉर्डाचं दार उघडलं. मुख्य कॉम्प्युटर आपल्या दुरुस्तीतून उठला होता. सिस्टरने नाव बंद केलं, तिकडे वसुमतीबाईंच्या प्रिंटरने कागद ओढला. त्यांचा शिक्का एरवी दरवाजा आपटल्यासारखा वाजतो. त्या दिवशी त्यांनी तो कागदावर ठेवला आणि वरून तळहाताने दाबला.

अनिकेत माझ्या मागे मागेच होता. काका, काय निघालं?

"उंदीर."

उंदराने वायर कुरतडली तर ती तुटेल, गोल कशी लागेल, असं त्याने विचारलं. पोरगा हुशार आहे. मी म्हटलं, भूकंपात उंदीर पळतात, वायरी ओढतात, पाय अडकतो, टोक जाऊन भोकात बसतं. चिंचणीला एका कंपनीत असंच झालं होतं. हे मी त्याला त्या तोंडाने सांगितलं जे माझ्याकडे आहे, आणि ते चाललं. त्याने रिपोर्टात उंदीर लिहिलं. वसुमतीबाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत होत्या. त्या वॉर्डापाशी येऊन गेल्या होत्या की नाही, मी विचारलं नाही, त्यांनीही काही विचारलं नाही.

तुषारने गाडी काढली. हाल्या मागे न बसता पुढेच बसला, पोरगी मांडीवर. मला कुणी ये म्हटलं नव्हतं. मी माझी गाडी त्यांच्या मागे लावली. नाक्यावर तुषारने गती कमी केली, कागद खिडकीबाहेर धरला. शिपायाने आत एक नजर टाकली आणि हात हलवून पुढे जायला सांगितलं. कागद कुणी बघितलाच नाही. तुषारचा हात कागदासकट तसाच बाहेर राहिला, बऱ्याच पुढे गेल्यावर त्याने तो आत घेतला.

आत वळल्यावर रस्ता कच्चा. पाडा आला तेव्हा सूर्य दिसत नव्हता. समुद्राच्या बाजूला नुसती तांबडी कड होती. घरं रिकामी, दारं ओढलेली, एका घराची कुडाची भिंत बाहेर कललेली. माणसं सगळी शेतात, ताडपत्र्यांपाशी. काळी तान्ह्याला घेऊन उभी होती. तिने ते दुसऱ्या बाईकडे दिलं, पुढे आली, हाल्याच्या हातातल्या पोरीच्या पायांना हात लावला आणि तिथंच खाली बसली. तिला बायकांनी धरलं. मग ती जे रडली ते मी सांगणार नाही.

खड्डा थोड्या अंतरावर होता. पुरुष तिकडे गेले आणि थांबले. कुणीतरी हळू आवाजात बोलला की दिवस गेला. दुसरा म्हणाला, गेला नाय, उजेड हाय. हा कसला उजेड, तिसरा म्हणाला. वाद नव्हता तो, कुणाला काय करावं समजत नव्हतं एवढंच. हाल्या पोरीला घेऊन मधे उभा. सकाळपासून वर धरलेले हात आता पोरीखाली. सगळे देवजीकडे बघायला लागले. देवजी त्यांच्यातला म्हातारा, तो सांगेल तसं.

देवजीने समुद्राकडे बघितलं. मग आपला तळहात डोळ्यांपुढे धरला. बराच वेळ धरला.

"रेघा दिसतात," तो म्हणाला. "हाताच्या रेघा दिसतात तवर दिवसच हाय."

शेजारच्याने आपला तळहात बघितला. म्हणाला, दिसतात. त्याच्या पुढच्याने बघितला. दिसतात. असं एकेक करत सगळ्यांनी आपापला हात डोळ्यांपुढे धरला. तुषारनेही धरला, म्हणाला, हो, दिसतात. हाल्याचे दोन्ही हात पोरीने भरलेले. त्याला स्वतःला बघता येत नव्हतं. तो माझ्याकडे वळला.

"शेठ, तुला?"

मी तळहात डोळ्यांच्या अगदी जवळ नेला. रेघा तर सोडाच, मला बोटं नीट दिसत नव्हती.

"दिसतात की," मी म्हटलं. "स्वच्छ दिसतात."

ह्या वेळी त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. तो पुढे झाला आणि खड्ड्यात उतरला.